मधुमेह आणि हिरड्यांचे विकार

दातांना धरून ठेवणाऱ्या हिरड्या, तंतू आणि हाड यांचा दीर्घकाळ चालणारा दाह म्हणजे पायरिया. मधुमेहींमध्ये तो अधिक वेळा आणि अधिक तीव्र आढळतो. साखर आटोक्यात नसेल तर धोका सुमारे तिप्पट होतो. हॅराल्ड लो या दंतसंशोधकाने १९९३ मध्ये पायरियाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि जखमा उशिरा भरणे या आधीच्या पाच.

दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर सर्वांच्याच तोंडात असतो. फरक पडतो तो शरीर त्याला कसे तोंड देते यात. रक्तातली साखर सतत जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते, आणि तयार होणारी संयुगे दाह पेटता ठेवतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, झिजलेले तंतू भरून यायला वेळ लागतो. निरोगी हिरडी आणि दात यांमधली फट १ ते ३ मिलिमीटर असते. ती खोल होत गेली की ब्रश तळाशी पोहोचत नाही आणि आतले हाड झिजू लागते. हे सगळे बहुधा न दुखता घडते, म्हणूनच दात हलू लागेपर्यंत फारसे कोणी दंतवैद्याकडे जात नाही.

उलट दिशेचा परिणाम कमी लोकांना माहीत असतो. हिरड्यांमधला दाह रक्तात उतरून इन्सुलिनचा प्रभाव कमी करतो. हिरडीखालची सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा रक्तातला आकडा) सरासरी सुमारे ०.४ टक्केबिंदूंनी उतरते, असे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात दिसले. औषधे थांबवण्याइतका हा बदल नाही, पण साफसफाईतून मिळणारा म्हणून तो क्षुल्लकही नाही.

ब्रश करताना रक्त आले की अनेक जण ती जागा टाळू लागतात. करायचे असते नेमके उलटे: मऊ ब्रशने दिवसातून दोनदा तिथेच नीट घासायचे आणि दातांच्या फटीही साफ करायच्या. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये रक्त कमी येते, त्यामुळे ही खूणही लपते. सोबत रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर काहींच्या हिरड्या सुजून वाढतात. गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

तोंडाला कोरड पडणे ही वेगळी तक्रार. लाळ कमी झाली की दातांची मुळे किडतात, जिभेवर किंवा कवळीखाली बुरशी वाढते. कवळी रात्री काढून, घासून ठेवावी.

दात काढायला जाताना उपाशी जाऊ नये. इन्सुलिन टोचून घेतले आणि भूल उतरेपर्यंत खाता आले नाही, तर साखर एकदम खाली येते. म्हणून त्या दिवशीचा डोस आणि जेवणाची वेळ आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवतात. भेट शक्यतो सकाळी, नाश्त्यानंतरची घेतात. खुर्चीत बसल्यावर थरथर, घाम किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच सांगावे. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासतात.