लंडनचा हिवाळा आणि अल्पाकाची हाडं

अल्पाकाचे व्हिडिओ हल्ली सगळ्यांच्या मोबाइलवर येतात. उंटाच्या कुळातलं हे लोकरीचं जनावर; लांब मान, डोळ्यांवर झुलपं, आणि खाली हमखास कुणीतरी लिहिलेलं असतं, "किती सोपं जनावर! गवत, पाणी, कुंपण, बास." पण इंग्लंडमध्ये पाच-सात अल्पाका पाळणाऱ्याच्या कॅलेंडरवर थंडीच्या महिन्यांत आणखी एक नोंद असते: ड जीवनसत्त्व. इंजेक्शन असेल तर साधारण दर दोन महिन्यांनी, तोंडातून द्यायची पेस्ट असेल तर त्याहून लवकर. दिवसभर उघड्यावर चरणाऱ्या जनावराला हे बाहेरून का द्यावं लागावं?

"उन्हात फिरतोय म्हणजे ड मिळतंय" हा समज आपल्याकडेही घट्ट आहे. सगळं ऊन या कामाचं नसतं. त्वचेत 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा रेणू असतो. त्यातलं अणूंचं एक कडं उघडलं की ड जीवनसत्त्वाचा पूर्वज तयार होतो आणि अंगाच्या उबेने तो हळूहळू ड-3 मध्ये बदलतो. ते कडं उघडण्याची ताकद साधारण 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांतच असते. नेमके हेच किरण ओझोन अडवतो.

आता थोडी भूमिती. अल्पाकाचं मूळ घर अँडीजचं पठार, पेरू-बोलिव्हियात समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 मीटरवर. तिथलं पुनो हे गाव जवळजवळ 16 अंश दक्षिणेला आहे. भर हिवाळ्यातही तिथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून 50 अंश वर असतो; मुंबईत डिसेंबरात साधारण तितकाच असतो. लंडन साडेएक्कावन्न अंश उत्तरेला, त्यामुळे तिथे डिसेंबरातला दुपारचा सूर्य जेमतेम 15 अंशांवर. किरण इतके तिरपे आले की त्यांची हवेतली वाट सरळ वाटेच्या जवळपास चौपट होते. वाट चौपट म्हणजे किरण एक चतुर्थांश उरले, असा हिशेब मात्र इथे चालत नाही. एखाद्या तरंगलांबीचा दहावा भाग सरळ वाटेने खाली पोचत असेल, तर दुप्पट वाटेने शंभरावा आणि चौपट वाटेने दहा हजारावा. शोषण गुणाकाराने चढतं. म्हणून डिसेंबरात लंडनला लख्ख ऊन पडलं तरी कामाचे किरण जवळजवळ शून्य.

त्यात अंगभर दाट लोकर. अँडीजमध्ये तीच लोकर रात्रीच्या थंडीत जीव वाचवते आणि दिवसा किरण इतके प्रखर असतात की उघड्या तोंडा-कानांवर पडेल तेवढ्यात भागतं. इंग्लंडात थंडी सोसवते, किरणांचं काय? गडद लोकरीच्या जनावरांच्या रक्तात ड आणखी कमी सापडतं. सगळ्यांत जास्त धोका शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात जन्मलेल्या पिल्लांना, कारण वाढीचे पहिलेच महिने अंधारे जातात.

पुढची गोष्ट मला फार आवडते. यकृत आणि मूत्रपिंडातून जाऊन कामाला लागलेलं ड आतड्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस शोषायला लावतं. अल्पाकात ड कमी पडलं की रक्तातला फॉस्फरस ठळकपणे घसरतो. हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. तिच्यातल्या पेशी फुगतात, मग ठरल्या वेळी मरतात आणि त्यांच्या जागी हाड येतं. मरण्याचा हा इशारा फॉस्फेटवर, म्हणजे रक्तातल्या फॉस्फरसवर, अवलंबून असतो. तो मिळाला नाही की फुगलेल्या पेशी मरतच नाहीत, कूर्चा जाड होत जाते, हाड मऊ राहतं. पिल्लू कुबड काढून उभं राहतं, लंगडतं, त्याचे पाय वाकतात. हा सरळसरळ मुडदूस. 1919च्या सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांची पिल्लं घरात कोंडून, ओटमीलवर वाढवून त्यांना हाच रोग आणला होता आणि कॉड माशाच्या तेलाने बरा केला होता.

म्हणून जास्त दिलं की जास्त बरं, असं कुणी समजू नये. आपल्याकडे एक आड एक घरात 60,000 युनिटची पुडी रक्त न तपासताच चालू असते, डॉक्टर म्हणाले होते ते आठच आठवडे असलं तरी. ड चरबीत साठून राहतं. अति झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडात साचतं. अल्पाकाचंही तेच होतं.

बाकीची देखभाल त्या मानाने नेहमीची. वर्षातून एकदा उन्हाळ्याआधी लोकर कातरणं, नाहीतर उष्माघात ठरलेला. दर काही महिन्यांनी नखं कापणं, धनुर्वात आणि त्याच कुळातल्या जिवाणूंविरुद्ध लस. जंतांच्या बाबतीत अल्पाका थोडी मदत करतात: सगळा कळप एका ठरावीक जागी लेंड्या टाकतो आणि तिथलं गवत सहसा खात नाही. तरी रक्त पिणारा हिमॉन्कस जंत लागतोच. त्याची चाहूल खालच्या पापणीची आतली बाजू पाहून लागते, ती फिकी पडली की रक्त कमी झालंय. लसणाने जंत जातात, असं सांगणारे इंटरनेटवर पुष्कळ आहेत; जंतांना ते ठाऊक नसावं. मेंढीचा डोसही बहुतेक वेळा पुरत नाही, आणि अपुऱ्या डोसातून औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात.

पण लोकरीखाली हडकलेलं जनावरही गुबगुबीत दिसतं. म्हणून पाठीच्या कण्यावर हात दाबून मांस किती आहे ते पाहायचं, आणि पिल्लांना नियमित काट्यावर उभं करायचं. ड असो की जंताचं औषध, डोस वजनावरच ठरतो. नव्याने कळप घेणाऱ्याने औषधांच्या आधी वजनकाटा घ्यावा.