पार्श्वभूमी : स्मार्ट घराचा बाजार नेमका कुठे अडतो

स्मार्ट घराच्या बाजाराचे अंदाज दरवर्षी नव्याने येतात. किती उपकरणे खपतील, किती घरांत पोचतील, हे त्यांत असते. घेतलेले उपकरण पाच वर्षांनी चालू असेल का, आणि दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाशी त्याचे जमेल का, हे मात्र त्या आकड्यांतून कळत नाही. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर या बाजाराची गाडी पुन्हा पुन्हा याच दोन प्रश्नांपाशी अडलेली दिसते. तंत्रज्ञान नाही म्हणून ती क्वचितच अडली.

सुरुवात १९७५ची. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथिस इथल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने घरातले दिवे आणि उपकरणे दूरून चालवण्याची एक्स१० ही पद्धत काढली. वेगळी तार ओढायची गरज नाही, भिंतीतल्या विजेच्या तारांमधूनच आज्ञा पाठवायची, ही मूळ कल्पना. विजेचा दाब शून्यावरून जातो त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा छोटा संकेत तारेवर सोडला जाई. दिव्याला जोडायच्या प्रत्येक मॉड्यूलवर, म्हणजे आज्ञा ऐकणाऱ्या डबीवर, दोन चकत्या असत. एकीवर ए ते पी ही अक्षरे, दुसरीवर १ ते १६ आकडे. स्क्रूड्रायव्हरने चकत्या फिरवल्या की त्या दिव्याचा पत्ता ठरला. असे एकूण २५६ पत्ते. १९७८पासून ही उपकरणे अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांत मिळू लागली.

यातली मोठी उणीव अशी की मूळ मॉड्यूल फक्त ऐकत, उत्तर देत नसत. आज्ञा पोचली की नाही, हे दिव्याकडे पाहूनच कळे. घराची वीजजोडणी दोन फेजमध्ये विभागलेली असेल तर संकेत एकीकडून दुसरीकडे जाताना हरवे. एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजाऱ्याने तेच अक्षर निवडले असेल, तर त्याच्या बटणावर आपला दिवा लागण्याची शक्यता असे. तरीही एक्स१०ची एक गोष्ट आज फार मोलाची वाटते. घरातला दिवा लावायला बाहेरचा कुठलाही सर्व्हर लागत नव्हता.

घरातल्या नेटवर्कची वाट याहून वेगळी होती. संगणक तारेने एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेटचा जन्म १९७३मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत झाला, पण ती कार्यालयांची गोष्ट होती. घरासाठी निर्णायक ठरला तो १९८५चा एक सरकारी निर्णय. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २.४ गिगाहर्ट्झसह काही लहरपट्टे नव्या प्रकारच्या रेडिओ उपकरणांना विनापरवाना वापरायला मोकळे केले. मायक्रोवेव्ह ओव्हन तिथे चालतो, म्हणून तो पट्टा फारसा कामाचा मानला जात नसे. पुढच्या सगळ्या वायफायचा पाया तिथेच पडला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घरातल्या नेटवर्कसाठी बरेच दावेदार होते. टेलिफोनच्या तारांवरून चालणारे होमपीएनए होते, विजेच्या तारांवरचे होमप्लग येऊ घातले होते आणि बिनतारी होमआरएफमागे मोठ्या कंपन्या उभ्या होत्या. वायफायमागचे ८०२.११ हे मानक १९९७मध्ये आले तेव्हा त्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९च्या ८०२.११बीने तो ११वर नेला. त्याच वर्षी काही कंपन्यांनी मिळून प्रमाणपत्र देणारी संघटना काढली, आज तिला आपण वायफाय अलायन्स म्हणतो. माझ्या मते वेगापेक्षा हे प्रमाणपत्रच अधिक कामी आले. एका कंपनीचा लॅपटॉप आणि दुसरीचा राउटर यांचे बिनबोभाट जमू लागले. होमआरएफचा गट २००३च्या सुरुवातीला विसर्जित झाला.

याच काळात एकाच इंटरनेट जोडणीवर घरातली अनेक यंत्रे चालवण्याची सोयही तयार होती. पत्ते बदलून देणारी नॅट ही युक्ती १९९४मध्ये कागदावर आली होती, ती आता छोट्या राउटरमध्ये बसली. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२च्या अखेरीस आला आणि पुढच्याच वर्षी सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. त्या राउटरच्या आत लिनक्स ही खुली संगणक प्रणाली होती. तिच्या परवान्यामुळे राउटरचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातूनच राउटरसाठी पर्यायी सॉफ्टवेअर बनवणारे ओपनडब्ल्यूआरटीसारखे प्रकल्प उभे राहिले. कंपनीने अपडेट बंद केले तरी राउटर वापरात ठेवण्याचा मार्ग त्यामुळे लोकांच्या हाती आला.

स्मार्ट उपकरणांना वायफाय परवडत नव्हते, कारण छोट्या सेलवर वर्षभर चालायचे असेल तर रेडिओ फार कमी वीज खाणारा हवा. त्यासाठी झिगबी आणि झेड-वेव्ह ही बिनतारी मानके आली. दोन्ही चांगली, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. खरी भर पडली ती स्मार्टफोन आल्यावर. घराचे तापमान सांभाळणारा नेस्टचा थर्मोस्टॅट २०११मध्ये, फिलिप्सचे ह्यू दिवे २०१२मध्ये, बोलून चालवायचा ॲमेझॉनचा इको स्पीकर २०१४मध्ये. गूगलने २०१४च्या सुरुवातीला नेस्टसाठी ३.२ अब्ज डॉलर मोजले तेव्हा या बाजाराकडे पाहण्याची सगळ्यांची नजर बदलली.

पण प्रत्येकाने आपापले कुंपण घातले आणि आज्ञा कंपनीच्या सर्व्हरमार्गे फिरू लागल्या. त्याचा परिणाम रिव्हॉल्व्ह या हबच्या बाबतीत दिसला. सुमारे ३०० डॉलरचा हा हब वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे, कुलुपे, सेन्सर एकत्र चालवत असे, आणि सेवा आजीवन मिळेल असे विकताना सांगितले होते. नेस्टने २०१४मध्ये ती कंपनी घेतली, विक्री थांबवली आणि १५ मे २०१६ला सर्व्हर बंद केला. यंत्रात बिघाड काहीच नव्हता, तरी त्या दिवसापासून ते निकामी झाले. एप्रिल २०२२मध्ये स्मार्ट घराची उपकरणे विकणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर असेच अचानक गप्प झाले. तिथे वापरकर्त्यांच्याच एका छोट्या गटाने पुढे येऊन कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. असे नशीब फार थोड्या उत्पादनांच्या वाट्याला येते.

सुरक्षेची हयगय २०१६मध्येच उघडी पडली. मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड वापरून. २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर या यंत्रांमार्फत हल्ला झाला आणि अनेक मोठ्या वेबसाइट काही तास उघडेनात.

या सगळ्यानंतर, डिसेंबर २०१९मध्ये, ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स एका समान भाषेसाठी एकत्र आले. तिला पुढे मॅटर नाव मिळाले आणि पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२मध्ये निघाली. ती वायफाय, इथरनेट आणि कमी विजेच्या थ्रेड नेटवर्कवर चालते, आणि आज्ञा घरातल्या घरात पोचते. एकच बल्ब एकाच वेळी दोन कंपन्यांच्या ॲपला जोडता येतो. मला हे पाऊल मनापासून स्वागतार्ह वाटते. मात्र पहिल्या आवृत्तीत दिवे, प्लग, कुलुपे, पडदे अशी मोजकीच उपकरणे होती. फ्रिज आणि सफाई करणारे रोबो २०२३च्या १.२ आवृत्तीत आले. शिवाय मानकात एखादी सोय आली म्हणजे ती प्रत्येक ॲपमध्ये लगेच येते असे नाही, आणि ग्राहकाला त्रास होतो तो तिथेच.

नेटवर्कच्या बाजूला वेगाची शर्यत चालूच आहे. २०२०मध्ये अमेरिकेत ६ गिगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला, २०२४च्या सुरुवातीला वायफाय ७ची प्रमाणपत्रे सुरू झाली. पण स्वस्त स्मार्ट प्लग आणि बल्ब बहुतेक करून अजून २.४ गिगाहर्ट्झवरच आहेत, आणि त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी फक्त तीन चॅनेल मिळतात: १, ६ आणि ११. शेजारच्या घरांचे राउटरही त्यांतच. नवा महागडा राउटर आणूनही दाराचा सेन्सर मधूनच गायब होतो, त्यामागे बरेचदा ही गर्दी असते.

पुढच्या काही वर्षांच्या बाजाराला कायदाही वळण देईल. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन उपकरण विकता येत नाही, आणि सुरक्षा अपडेट निदान कधीपर्यंत मिळतील हे सांगावे लागते. युरोपीय संघाच्या सायबर कायद्यातली मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७पासून लागू होतील. त्यात सुरक्षेची जबाबदारी साधारणपणे किमान ५ वर्षांची धरली आहे. पण दोन्हींचा भर सुरक्षेवर आहे. ॲपमागचा सर्व्हर चालू ठेवायची हमी त्यांतून मिळत नाही. म्हणून नव्या उपकरणाबद्दल माझा पहिला प्रश्न हाच असतो की इंटरनेट बंद असताना ते किती कामे करते. विक्रीच्या अंदाजांत हा रकाना मला अजून कुठे दिसलेला नाही.