रुग्णसेवेची गुणवत्ता आणि परिचर्या

रुग्णाला मिळणारी सेवा सुरक्षित, वेळेवर, शास्त्राला धरून आणि त्याच्या गरजेनुरूप असावी, यासाठी परिचारिका व परिचारक निरीक्षण करतात, अपाय टाळतात, नोंदी ठेवतात, इतरांशी समन्वय साधतात आणि कामाच्या पद्धती सुधारतात. या सगळ्याचा विचार या विषयात होतो. उपचार काय द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो ठरल्याप्रमाणे रुग्णापर्यंत पोहोचतो का, त्याला मानवतो का आणि उपचारातूनच नवा अपाय तर उद्भवत नाही ना, हे पाहण्याचे काम मुख्यतः परिचारिकेकडे असते. डॉक्टरांचा राउंड काही मिनिटांत पुढच्या खाटेकडे सरकतो. परिचारिका मात्र पाळीपाळीने चोवीस तास वॉर्डात असतात. रुग्णालयाच्या दर्जाविषयी बोलताना इमारत, यंत्रे आणि नामवंत तज्ज्ञ यांचीच चर्चा होते, हे चित्र अपुरे आहे. रुग्णाचा जीव वाचवणाऱ्या पुष्कळ गोष्टी खाटेशेजारी, यंत्राविना घडतात.

गुणवत्तेची मोजणी

सेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहावा, असे अमेरिकेतील वैद्यक व अभ्यासक अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडले : रचना, म्हणजे माणसे, साधने व व्यवस्था; प्रक्रिया, म्हणजे रुग्णासाठी प्रत्यक्षात काय केले गेले; आणि परिणाम, म्हणजे त्यातून रुग्णाचे काय झाले. ही मांडणी आजही वापरात आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये एका अहवालात वैद्यकीय चुकांमुळे त्या देशातील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज दिला आणि दोष एकट्यादुकट्या व्यक्तीपेक्षा कामाच्या पद्धतीत अधिक असतो, हे ठासून सांगितले. याच संस्थेने २००१ मध्ये चांगल्या सेवेचे सहा निकष दिले : सुरक्षित, परिणामकारक, रुग्णकेंद्री, वेळेवर, अपव्यय टाळणारी आणि सर्वांना समान.

रुग्ण पडणे, शय्याव्रण म्हणजे बेडसोअर होणे, लघवीच्या नळीमुळे किंवा मोठ्या शिरेतील कॅथेटरमुळे (शिरेत घातलेल्या बारीक नळीमुळे) जंतुसंसर्ग होणे, या गोष्टी परिचर्येशी थेट निगडित निर्देशक मानल्या जातात. त्यांची मोजणी दरमहा वॉर्डवार ठेवली, तर कोठे काय बिघडते आहे ते दिसते.

इतिहास

आकड्यांच्या आधारे रुग्णसेवा सुधारण्याची परंपरा ब्रिटिश परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांच्यापासून सांगितली जाते. क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या ३८ स्त्रियांना घेऊन इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्या येताच मृत्यू घटले, ही लोकप्रिय समजूत खरी नाही. पहिल्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली; त्यानंतर मृत्यू झपाट्याने घटले. नाइटिंगेल यांचे मोठेपण पुढच्या कामात आहे. युद्ध संपल्यावर त्यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक मेले हे ओळखले आणि १८५८ मध्ये ते सर्वांना कळेल अशा वर्तुळाकार आलेखात मांडले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि परिचर्येला शिक्षणाचा पाया मिळाला.

निरीक्षण

परिचर्येतील सर्वांत मोलाचे कौशल्य म्हणजे बदल लवकर ओळखणे. वॉर्डात अचानक हृदय बंद पडलेल्या अनेक रुग्णांच्या केसपेपरवर काही तास आधीच धोक्याच्या खुणा उमटलेल्या असतात. त्यांपैकी सर्वांत बोलकी आणि सर्वांत दुर्लक्षित खूण म्हणजे श्वासांचा वेग. तापमान, नाडी, बीपी यंत्रावर पटकन मिळते. श्वास बहुधा मोजावे लागतात. मोजणी चालू आहे हे रुग्णाला कळले की त्याचा श्वास नकळत बदलतो. म्हणून अनुभवी परिचारिका नाडी पाहण्यासाठी धरलेले मनगट तसेच धरून ठेवते आणि नजर छातीकडे नेऊन पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. प्रौढाचे १२ ते २० श्वास सामान्य. २५ किंवा अधिक झाले तर तो गंभीर इशारा असतो. न मोजता अंदाजाने ‘१८’ लिहिण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते, आणि ती घातक आहे.

अशा नोंदींना गुण देऊन (नोंद सामान्यापासून जितकी दूर, तितके गुण अधिक) धोका आधी ओळखण्याच्या पद्धती १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ झाल्या. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये त्यांचे राष्ट्रीय रूप प्रसिद्ध केले व २०१७ मध्ये ते सुधारले. श्वासांचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्धी आणि तापमान यांचे गुण जोडून बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने कळवायचे, ७ झाली की अतिदक्षता जाणणाऱ्या पथकाला बोलवायचे, असा त्याचा नियम आहे. बेरीज कमी असतानाही ‘या पेशंटचं काहीतरी ठीक दिसत नाही’ एवढे वाटणे हेसुद्धा मदत मागण्यास पुरेसे कारण मानले जाते. सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० मध्ये असे तातडीचे पथक सुरू झाले. तशा पथकांना बोलावण्याच्या निकषांत परिचारिकेला वाटणारी काळजी हाही एक निकष असतो.

निरीक्षणातून नवा उपचारही जन्मतो. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एका पिवळसर बाळाच्या अंगावरचे कपडे बाजूला करून दाखवले : अंगाचा जेवढा भाग कपड्याने झाकलेला होता, तेवढाच गडद पिवळा राहिला होता, ऊन लागलेल्या भागाची कावीळ उतरली होती. त्या धाग्यावरून डॉ. रिचर्ड क्रेमर व सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि १९५८ मध्ये प्रकाशोपचाराचा लेख प्रसिद्ध झाला. नवजात बाळांच्या काविळीसाठी आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या निळ्या दिव्यांचे मूळ एका परिचारिकेच्या नजरेत आहे, हे ज्ञात असायला हवे तितके नाही.

अपाय टाळणे

दीर्घकाळ एकाच कुशीवर पडून राहिलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर दाब पडून तेथील रक्तपुरवठा तुटतो आणि शय्याव्रण होते. ते एकदा खोल गेले की भरून येण्यास महिने लागतात, प्रसंगी जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. टाळण्याचा उपाय साधा पण कष्टाचा : ठरावीक वेळाने कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, पुरेशी प्रथिने देणे, टाचा गादीपासून उचललेल्या ठेवणे, ओढत न नेता उचलून सरकवणे. त्वचा तपासताना लाल भाग बोटाने हलका दाबतात. दाबल्यावर तो फिका पडला आणि बोट काढताच पुन्हा लाल झाला, तर रक्तपुरवठा शाबूत आहे. लाली हटलीच नाही, तर व्रणाची पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही, तेथे आजूबाजूच्या त्वचेशी ताडून ऊब, टणकपणा किंवा दुखरेपणा पाहावा लागतो. धोका मोजण्यासाठी १९८० च्या दशकात बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम या परिचर्याशास्त्रज्ञांनी तयार केलेली गुणपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात ६ ते २३ गुण असतात; गुण जितके कमी, तितका धोका अधिक.

औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळतात. यातली पहिली सर्वांत सोपी वाटते आणि तिथेच घात होतो. ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारले तर गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण कशालाही हो म्हणतो. म्हणून ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असे विचारायचे आणि मनगटावरच्या पट्टीवरील नाव व नोंदणी क्रमांकाशी जुळवायचे. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, कारण रुग्णांच्या खाटा बदलतात. इन्शुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) यांसारख्या जोखमीच्या औषधांची मात्रा दुसऱ्या परिचारिकेने स्वतंत्रपणे काढून पाहावी, असा दंडक अनेक ठिकाणी आहे. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण वॉर्डाच्या कपाटात ठेवूच नये, असे सुरक्षिततेचे नियम सांगतात. चुकून थेट शिरेत गेले तर ते हृदय बंद पाडते.

औषधाच्या बाटलीवरचा आणि मनगटावरचा बारकोड जुळवण्याची पद्धतही एका परिचारिकेने सुचवली. अमेरिकेत टोपेका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी १९९० च्या दशकात भाड्याची मोटार परत करताना कर्मचाऱ्याच्या हातातील बारकोड वाचणारे यंत्र पाहिले आणि हेच औषधांसाठी का नको, असे विचारले. पुढे ती पद्धत त्या देशातील माजी सैनिकांच्या सर्व रुग्णालयांत लागू झाली.

जंतुसंसर्ग रोखण्यात हातांची स्वच्छता अग्रस्थानी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत तिचे पाच प्रसंग सांगितले : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, शरीरातील स्रावांशी संपर्काचा धोका आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. हातमोजे घातले म्हणून हात धुण्याची गरज संपत नाही. लघवीची नळी आज खरोखर हवी आहे का, हा प्रश्न रोज विचारून ठरलेल्या निकषांनुसार ती काढण्याचा अधिकार परिचारिकेला दिला, तर नळी कमी दिवस राहते आणि संसर्ग घटतो.

बोलण्याचा अधिकार

माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाताना गळते. पाळी बदलताना ओव्हर देणे, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या परिचारिकेकडे सोपवणे, रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून झाले, तर येणारी परिचारिका सलाईनचा वेग, ड्रेसिंग, नळ्या स्वतः पाहून घेते आणि रुग्णालाही चुकलेले सांगता येते. डॉक्टरांना फोन करताना आता काय घडते आहे, पार्श्वभूमी काय, आपल्याला काय वाटते आणि काय हवे आहे, या चार टप्प्यांत बोलण्याची पद्धत पाणबुड्यांवरील संवादातून आरोग्यसेवेत आली. तिच्यातला तिसरा व चौथा टप्पा खऱ्या अर्थाने महत्त्वाचा आहे, कारण परिचारिकेने केवळ आकडे न सांगता आपले मत आणि मागणी मांडावी, असे ती गृहीत धरते.

डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या आयसीयूत मोठ्या शिरेत कॅथेटर घालण्यासाठी पाच कृतींची यादी केली : हात धुणे, त्वचेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि नको असलेले कॅथेटर काढणे. या गोष्टी डॉक्टरांना माहीत होत्याच. नवे होते ते एवढेच की पायरी चुकल्यास काम थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना मिळाला आणि व्यवस्थापन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक आयसीयूंमध्ये हा कार्यक्रम राबवला गेला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संसर्गाच्या प्रमाणात दीड वर्षात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. ज्येष्ठतेच्या उतरंडीपुढे गप्प बसावे लागत असेल, तर अशी यादी भिंतीवरच राहते.

वेदना, धीर आणि घरी जाण्याची तयारी

वेदना यंत्रावर दिसत नाही. रुग्णाला ती शून्य ते दहा या पट्टीवर सांगायला लावणे, बोलू न शकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून व हालचालीवरून ओळखणे आणि औषध दिल्यावर पुन्हा विचारणे, या तिन्हींनी वेदनेवरील उपचार पूर्ण होतो. शेवटची पायरी बहुतेकदा राहून जाते. इंग्लंडमधील सिसिली साँडर्स यांनी परिचारिका म्हणून सुरुवात केली, पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांसाठीचे सेवाकेंद्र, उभारले. मरणासन्न माणसाच्या दुःखाला शरीराबरोबर मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही बाजू असते, ही त्यांची मांडणी उपशामक सेवेचा पाया ठरली.

डिस्चार्जच्या वेळी ‘समजलं ना?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी हो असेच येते. त्याऐवजी रुग्णाला किंवा नातेवाइकांना ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, मला सांगा’ असे म्हटले, की समजुतीतली चूक तिथेच सापडते. इन्शुलिनचे इंजेक्शन त्यांच्याच हाताने घ्यायला लावून पाहावे.

चुकांपासून शिकणे

हार्वर्डमधील एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांतील वेगवेगळ्या पथकांच्या औषधविषयक चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगले नेतृत्व असलेल्या पथकांत चुका कमी नोंदल्या जातील, अशी अपेक्षा होती, आढळले उलटे. तेथे चुका अधिक घडत नव्हत्या, त्या निर्भयपणे सांगितल्या जात होत्या. म्हणून नोंदलेल्या चुकांच्या संख्येवरून वॉर्डाला शिक्षा करणे हा गुणवत्ता बिघडवण्याचा हमखास मार्ग आहे. थोडक्यात टळलेल्या चुकाही लिहिल्या गेल्या पाहिजेत. सुधारणा करताना बदल आखायचा, एका वॉर्डात थोडे दिवस करून पाहायचा, मोजायचा आणि मगच पसरवायचा, असे चक्र वापरतात. ते आखताना प्रत्यक्ष पाळी करणाऱ्या परिचारिका टेबलाशी नसतील, तर बहुधा एक नवा रकाना भरण्याचे काम तेवढे वाढते.

मनुष्यबळ

वरील प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. युरोपातील नऊ देशांच्या २०१४ मधील अभ्यासात तसाच संबंध आढळला. शिवाय पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असल्यास ही शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. असे अभ्यास कार्यकारणभाव पुरता सिद्ध करत नाहीत, पण निरनिराळ्या देशांत तेच चित्र पुन्हा पुन्हा येते. कॅलिफोर्नियाने २००४ पासून परिचारिकांमागे कमाल रुग्णसंख्या कायद्याने लागू केली. आयसीयूत ती दोन आहे.

माणसे कमी पडली की काय आधी सुटते, याचा शोध अमेरिकेतील परिचर्या-संशोधक बिॲट्रिस कॅलिश यांनी २००६ पासून घेतला. रुग्णाला चालवणे, कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता आणि समजावून सांगणे ही कामे आधी सुटतात. इंजेक्शन चुकले तर लगेच दिसते, ही कामे चुकली तर काही दिवसांनी न्यूमोनिया, शय्याव्रण किंवा पुन्हा भरती होण्याच्या रूपाने दिसतात आणि तेव्हा त्यांचा संबंध त्या पाळीशी कोणी जोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका व परिचारक होते आणि ५८ लाखांची कमतरता होती. ही कमतरता मुख्यतः गरीब देशांत एकवटली आहे, आणि तेथे तयार झालेल्या अनेक परिचारिकांना श्रीमंत देश भरती करून घेतात.