नासामार्गी शामन, बालदंतशस्त्रक्रियेपूर्वीचे

लहान मुलांच्या दातांवर शस्त्रक्रिया किंवा लांबणारे उपचार करण्यापूर्वी भीती व हालचाल कमी व्हावी, म्हणून शामक औषध नाकपुड्यांतून देण्याची पद्धती. दात काढणे, दुधाच्या दाढेतील किडलेला मगज काढणे, गळूचा निचरा करणे अशा कामांसाठी ती वापरतात. शाळेत जाण्याच्या वयाआधीचे मूल औषध थुंकून टाकते, नायट्रस ऑक्साइड या शामक वायूचा मुखवटा नाकावर टिकू देत नाही आणि सुई दिसताच तोंड घट्ट मिटते. अशा मुलांसाठी ही पद्धती विशेष उपयोगी ठरते. शामनाने वेदना थांबत नाही. यासाठी मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या मिडॅझोलाम या शामक औषधाला वेदनाशामक गुण नाही. त्यामुळे मूल गुंगीत असले तरी हिरडीत स्थानिक बधिरीकरणाचे इंजेक्शन द्यावेच लागते.

मिडॅझोलाम हे या पद्धतीतील प्रमुख औषध 1970 च्या दशकाच्या मध्यास हॉफमन-ला रोश कंपनीत तयार झाले. ते शिरेतून देण्यासाठी बनवलेले द्रावण मुलांच्या नाकात घालण्याची कल्पना नेमकी कोणाची, हे ठरवणे अवघड आहे. प्रथा छापील नोंदीच्या आधी काही काळ चालू असणे शक्य आहे. तथापि 1988 मध्ये अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी या नियतकालिकात विल्टन व सहकाऱ्यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना भूल देण्याआधी नाकावाटे दिलेल्या मिडॅझोलामचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सामान्यतः तोच आरंभबिंदू मानला जातो. दंतचिकित्सेत ही पद्धती त्यानंतर, 1990 च्या दशकात रुळली असावी.

औषध नाकातून मेंदूपर्यंत कसे पोहोचते, याविषयी दोन मते आहेत. नासापोकळीच्या छताशी गंधग्राही श्लेष्मल त्वचा असते. तेथील चेतातंतू चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून थेट मेंदूच्या गंधपिंडात, म्हणजे वासाची संवेदना घेणाऱ्या भागात जातात. या वाटेने औषध रक्ताला वगळून मेंदूत शिरते आणि म्हणूनच परिणाम लवकर दिसतो, असे एक मत आहे. त्याचा आधार मुख्यतः उंदरांवरील प्रयोग आहेत. परंतु उंदराच्या नासापोकळीचा जवळपास निम्मा पृष्ठभाग गंधग्राही असतो, तर माणसात हे प्रमाण दहा टक्क्यांपेक्षाही कमी आहे. शिवाय फवारा बहुतांशी नाकाच्या पुढच्या भागात व नासाशुक्तिकांवर (नाकाच्या आतील बाजूच्या वळणदार हाडांवर) पडतो, छतापर्यंत फारसा जात नाही. दुसरे मत असे, की औषध श्लेष्मल त्वचेखालील दाट रक्तवाहिन्यांत शोषले जाते आणि नेहमीच्या रक्ताभिसरणाने मेंदूत पोहोचते. मिडॅझोलाम शरीरात मेदविद्राव्य होते व रक्त–मेंदू अडथळा सहज ओलांडते. त्याला निराळ्या वाटेची गरजच नाही. रक्तातील पातळी साधारण दहा ते पंधरा मिनिटांत शिखर गाठते आणि गुंगीही त्याच सुमारास चढते. परिणाम दिसण्याच्या या वेळेशी दुसरे मत अधिक जुळते.

या वादाला व्यवहारात महत्त्व आहे. नाकाचा खरा लाभ यकृत टळण्यात आहे. तोंडावाटे घेतलेले मिडॅझोलाम आतड्यातील व यकृतातील विकरे पहिल्याच फेरीत मोठ्या प्रमाणात निकामी करतात. नाकातून शोषलेला भाग या फेरीतून सुटतो, म्हणून तुलनेने कमी मात्रा पुरते. मात्र द्रावण नाकाच्या मागच्या बाजूने घशात ओघळले, तर मूल ते गिळते आणि पुढे ते तोंडावाटे दिलेल्या औषधासारखेच वागते. थेंब घालण्यापेक्षा सूक्ष्म फवारा चांगला मानतात तो याचमुळे. फवाऱ्याचे टोक सिरिंजला जोडून नाकपुडीत अलगद बसवतात, रोख किंचित वर व बाहेरच्या बाजूला, त्याच कडेच्या कानाकडे ठेवतात आणि दट्ट्या एका झटक्यात दाबतात; हळू दाबल्यास फवारा न होता थेंबच पडतात.

मिडॅझोलामची प्रचलित मात्रा दर किलोग्रॅम वजनास 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम आहे. 15 किलोग्रॅम वजनाच्या मुलास 0.3 मिलिग्रॅमच्या दराने 4.5 मिलिग्रॅम लागतात. मिलिलिटरमागे 5 मिलिग्रॅमचे द्रावण घेतले, तर हे 0.9 मिलिलिटर होते व दोन्ही नाकपुड्यांत निम्मे निम्मे देता येते. मिलिलिटरमागे 1 मिलिग्रॅमचे द्रावण वापरले, तर साडेचार मिलिलिटर भरते, म्हणजे बहुतेक सगळे घशातच जाणार. एका नाकपुडीत 1 मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव टिकत नाही. फवाऱ्याच्या टोकात अडकून राहणारा अंशही हिशेबात धरावा लागतो.

या पद्धतीचा सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे नाकात होणारी आग. मिडॅझोलाम पाण्यात विरघळावे म्हणून द्रावण बरेच आम्लधर्मी, सुमारे 3 पीएचचे ठेवतात. अशा आम्लात त्याच्या रेणूतील एक वलय उघडते. शरीराच्या पीएचला ते पुन्हा मिटते आणि रेणू मेदविद्राव्य बनतो. औषधाला विद्राव्य करणारी ही युक्तीच मुलाला रडवते. आधी लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा दिल्याने आग कमी होते. रडण्याने नाक वाहू लागते व शोषण घटते, त्यामुळे ही केवळ सोयीची बाब समजू नये.

नाकावाटे देण्याचे दुसरे शामक औषध डेक्समेडेटोमिडीन; त्याच्या द्रावणाने आग होत नाही. दर किलोग्रॅमला 1 ते 2 मायक्रोग्रॅम मात्रेने येणारी गुंगी नैसर्गिक झोपेच्या जवळची असते आणि श्वसन फारसे मंदावत नाही. मात्र परिणामास अर्धा तास किंवा अधिक लागतो, नाडी व रक्तदाब उतरतात आणि ड्रिलच्या आवाजाने मूल जागे होऊ शकते. केटामीन हे तिसरे औषध वेदनाही कमी करते, पण लाळ वाढवते व उलटी होऊ शकते.

परिणामकारकतेचा पुरावा अपेक्षेइतका भक्कम नाही. दंतोपचारातील बालशामनाविषयीच्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्याने (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासाने) तोंडावाटे दिलेल्या मिडॅझोलामच्या बाजूने मध्यम खात्रीचा पुरावा असल्याचे म्हटले. इतर औषधांविषयी त्याला ठाम निष्कर्ष काढता आला नाही. नासामार्ग लवकर परिणाम देतो हे मान्य, पण म्हणून तो तोंडाच्या मार्गापेक्षा सरस ठरत नाही. काही मुले मिडॅझोलामने शांत होण्याऐवजी उलट चवताळतात.

सुई नसल्याने ही पद्धती निरुपद्रवी भासते, तसे मानणे धोक्याचे आहे. शिरेतून औषध थोडे थोडे वाढवता येते. नाकात दिलेली मात्रा एकदाच दिली जाते व परत घेता येत नाही. दंतोपचारात धोका आणखी वाढतो, कारण जेथे काम चालते त्याच तोंडातून श्वास घ्यायचा असतो. हॅन्डपीसचे (दंतवैद्याच्या हातातील ड्रिलचे) पाणी, रक्त, कापसाचा बोळा, सुटलेला दात यांपैकी काहीही श्वासमार्गात जाऊ शकते. त्यातच स्थानिक बधिरीकरणाची मात्रा वजनाच्या मानाने जास्त झाली, तर दोन्ही औषधांचे दुष्परिणाम एकत्र येतात. दंतचिकित्सालयातील बालमृत्यूंनंतर 1985 मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने शामनविषयक मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढे बालदंतवैद्यांच्या अकॅडमीसह त्या वेळोवेळी सुधारण्यात आल्या, 2019 मधील आवृत्ती त्यांपैकीच. पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास, आईचे दूध चार तास व हलके अन्न सहा तास आधी बंद, रक्तातील ऑक्सिजनचे सतत मापन आणि मुलाकडे लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती या त्यांतील ठळक अपेक्षा आहेत. शामन ठरलेल्या पातळीहून खोल गेल्यास मुलाला सावरण्याची क्षमता उपचार करणाऱ्यांकडे असावीच लागते.

सर्दी, नाकातून रक्त येणे, वाढलेले टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकामागील ग्रंथी) आणि झोपेत श्वास अडखळणे या अवस्थांत ही पद्धती टाळतात किंवा रुग्णालयातच वापरतात.

मिडॅझोलामवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, परंतु त्याचा परिणाम आधी ओसरतो व गुंगी पुन्हा चढू शकते. म्हणून उतारा दिलेल्या मुलाला अधिक वेळ निरीक्षणाखाली ठेवतात. घरी सोडताना मूल न हलवता जागे राहते की नाही, हे पाहतात. मोटारीत ते बालआसनावर झोपले, तर हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग मुडपू शकतो. त्यासाठी वाहन चालवणाऱ्याव्यतिरिक्त आणखी एक प्रौढ व्यक्ती शेजारी बसलेली असावी.