पारंपरिक धनुष्याने रानटर्कीची शिकार

रानटर्की हा उत्तर अमेरिकेतील मोठा, जमिनीवर चरणारा पक्षी. शास्त्रीय नाव मेलिॲग्रिस गॅलोपाव्हो. त्याची साध्या धनुष्यबाणाने केलेली शिकार हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅनडाच्या काही भागांत आजही जिवंत असलेला प्रकार आहे. ‘पारंपरिक’ म्हणजे कप्प्या नसलेले धनुष्य : लांब, जवळजवळ सरळ कांबींचा लाँगबो, टोके पुढे वळवलेला रिकर्व्ह, किंवा एकाच लाकडातून तासून काढलेला सेल्फबो. कप्प्यांचे कंपाउंड धनुष्य आणि बंदुकीसारखा घोडा दाबून सोडायचा क्रॉसबो यांत मोडत नाहीत. बंदुकीने टर्की मारणारे पुष्कळ, कंपाउंडने मारणारे त्याहून कमी, आणि पारंपरिक धनुष्याने मारणारे अगदी थोडे. असे का, याचे उत्तर धनुष्यापेक्षा पक्ष्याच्या डोळ्यांत अधिक सापडते.

पक्षी : पूर्ण वाढलेला नर साधारण ७ ते ११ किलो भरतो, मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. नराच्या छातीवरून केसांसारख्या राठ पिसांचा झुपका लोंबतो, पायांना मागच्या बाजूने टोकदार काटे असतात. डोके आणि मान उघडी असून विणीच्या काळात ती लाल, पांढरी, निळी अशी रंग बदलते. दिवसभर जमिनीवर वावरणारा हा पक्षी रात्री मात्र उंच झाडांवर रातथाऱ्याला जातो आणि उजाडताच खाली उतरतो. वासाची जाण त्याला जवळजवळ नाहीच. हरणाच्या शिकाऱ्याला वाऱ्याची जी चिंता सतत असते, ती इथे करावी लागत नाही. पण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला भोवतालचा बराचसा परिसर दिसतो, आणि मान जराशी वळवली की उरलेलाही. रंग त्याला ओळखता येतात. स्थिर वस्तूकडे तो फारसे लक्ष देत नाही. हालचाल मात्र बोटभर झाली तरी टिपतो आणि शंका आली की थांबून खात्री करून घेत बसत नाही, सरळ पळ काढतो.

धनुष्याची अडचण : बंदूक आधीच खांद्याला लावून गुडघ्यावर टेकवून ठेवता येते, बोट तेवढे हलवायचे असते. कंपाउंड धनुष्य एकदा ओढले की कप्प्यांमुळे हातावरचा बहुतेक भार उतरतो आणि शिकारी ओढलेल्या स्थितीत बराच वेळ थांबू शकतो. पारंपरिक धनुष्यात ही सवलत नाही. ४५ पौंड ताणाचे धनुष्य पूर्ण ओढले की ४५ पौंड बोटांवर राहतातच. शिवाय ओढताना हात, कोपर, खांदा आणि धनुष्याच्या दोन्ही कांबी, सगळेच हलते. दोन-तीन सेकंदांत ओढून, नेम धरून सोडायचे असते. म्हणून या शिकारीतला खरा प्रश्न नेमाचा नसून ओढण्याचा आहे. पक्षी पंधरा पावलांवर उभा असताना त्याच्या नजरेत न येता दोरी हनुवटीपर्यंत कशी आणायची? लपण, हाक, बनावट पक्षी, बसण्याची जागा या सगळ्या गोष्टी त्या दोन-तीन सेकंदांसाठी रचलेल्या असतात.

पल्लाही तोकडा. १५ मीटरच्या आत बाण सोडावा असे बहुतेक जाणकार मानतात, आणि त्यांचे म्हणणे योग्यच आहे. पारंपरिक धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ५० मीटर जातो, म्हणजे १५ मीटरला सुमारे तीन दशांश सेकंद. दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी पक्ष्यापर्यंत पोचतो आणि सावध पक्षी तेवढ्या वेळात जागेवरून हलू शकतो. म्हणून दोरीवर लोकरीचे किंवा फरचे गोंडे बांधून तिचा आवाज मारतात. अंतर वाढवण्यापेक्षा ते कमी करण्यात हुशारी आहे.

हाक : शिकारीचा मुख्य हंगाम वसंत ऋतूचा, साधारण मार्च ते मे. या दिवसांत नर रातथाऱ्यावरूनच घोगऱ्या आवाजात साद घालतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी याच्या नेमके उलटे मागत असतो : मादीची हाक काढून नराने आपल्याकडे यावे अशी त्याची अपेक्षा असते. नर पुष्कळदा जागच्या जागी पिसारा फुलवून उभा राहतो आणि ‘मादी’नेच यावे म्हणून वाट पाहतो. भल्या पहाटे साद देणारा नर खाली उतरल्यावर माद्यांबरोबर निघून गेला, हा अनुभव सर्वांचाच. मादी जमिनीवर खळगा करून साधारण १० ते १२ अंडी घालते. दिवस थोडा वर आला की माद्या घरट्यांकडे वळतात, नर एकटा पडतो आणि सकाळी हाकेला न भुललेला नर आता भुलतो. पहाटेची धांदल संपल्यावर घरी जाणाऱ्यांपेक्षा नऊ-दहा वाजेपर्यंत बसून राहणाऱ्यांना म्हणून अधिक यश येते.

हाक काढण्याची साधने बरीच आहेत. लाकडी पेटीवर झाकणाची कड घासून काढायची हाक, पाटीच्या दगडाच्या वा काचेच्या चकतीवर काडी फिरवून काढायची हाक, तोंडात टाळूला धरायची पातळ पडदी, आणि टर्कीच्याच पंखाची हाडे जोडून केलेली नळी. धनुर्धाऱ्याला पडदी सोयीची, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. पेटी वाजवणाऱ्याचे हात ऐन वेळी पेटीतच अडकलेले असतात. आदल्या संध्याकाळी पक्षी कुठल्या झाडावर बसला आहे हे शोधण्यासाठी घुबडाचा आवाज काढतात. तो ऐकून नर दचकून साद देतो आणि आपली जागा सांगून जातो.

लपण आणि बनावट पक्षी : हरीण आपल्या वाटेवर उभारलेला नवा तंबू पाहून बिचकते. टर्कीला, नवल म्हणजे, मोकळ्या शेतात रातोरात उभ्या राहिलेल्या कापडी तंबूचे काही वाटत नाही. आज बहुतेक धनुर्धारी असाच घडीचा तंबू लपण म्हणून वापरतात. आतली बाजू काळी असते, मागच्या खिडक्या बंद ठेवतात आणि शिकारी काळे कपडे घालून खिडकीपासून मागे सरकून बसतो. अंधारात ओढलेले धनुष्य बाहेरून दिसत नाही. अडचण येते ती लांबीची. साडेपाच फुटांचा लाँगबो तंबूत उभा धरला की वरची कांब छताला आणि खालची जमिनीला लागते. बाण सुटताना कांबीचे टोक कापडाला नुसते घासले तरी तो भलतीकडे जातो. म्हणून तंबूसाठी आखूड रिकर्व्ह निवडतात, ठेंगण्या स्टुलावर बसतात आणि धनुष्य तिरके धरून सोडण्याचा सराव आधी घरी करतात. काही जण तंबू टाळून झाडाच्या बुंध्याशी फांद्यांचा आडोसा करून बसतात. ते कठीण आहे, पण पक्षी झाडाच्या खोडामागून जाताना डोके झाकले गेले की ओढायला क्षण मिळतो.

बनावट पक्षी तंबूपासून पाच-सात मीटरांवर मांडतात. बंदूकवाल्यापेक्षा खूप जवळ. मांडणीत मोठी अक्कल आहे. चिडलेला नर कोवळ्या नराच्या बनावट प्रतिकृतीसमोर जाऊन तिच्या डोळ्याला डोळा भिडवतो. म्हणून ती प्रतिकृती शिकाऱ्याकडे तोंड करून ठेवायची. तसे केले की खरा नर शिकारी आणि प्रतिकृती यांच्यामध्ये येतो आणि त्याची पाठ तंबूकडे होते. त्याने पिसारा फुलवला की त्या पंख्याआड त्याचेच डोके झाकले जाते. धनुष्य ओढायची वेळ हीच. पंखा पुन्हा वळायच्या आत बाण गेला पाहिजे, नाहीतर दोरी हळूच सैल सोडून पुढच्या फेरीची वाट पाहायची.

नेमाची जागा : फुललेला नर दिसतो मोठा, पण त्यातला बराचसा आकार नुसत्या पिसांचा असतो. हृदय-फुप्फुसांची जागा मोठ्या संत्र्याएवढीच, आणि नवख्याला वाटते त्यापेक्षा मागे व वर. आडवा उभा असेल तर पंख जिथे धडाला जोडतो तो सांधा धरतात. पाठमोरा फुललेला असेल तर पिसाऱ्याच्या मुळाचा मध्य. समोरून छातीवरच्या झुपक्याच्या मुळाशी मारता येते, पण तेव्हा पक्षी थेट तुमच्याकडे पाहत असतो, आणि पारंपरिक धनुष्याला तो प्रसंग टाळलेलाच बरा. बाणाला धारदार, रुंद पात्याचे फळ लावतात. आघाताने उघडणारी यांत्रिक फळे आपला काही जोर उघडण्यातच खर्च करतात, म्हणून कमी ताणाच्या धनुष्याला घट्ट बसवलेले दोन पात्यांचे साधे फळ अधिक भरवशाचे.

जखमी पक्षी हरवणे ही या शिकारीतली सर्वांत वाईट गोष्ट आहे, आणि ती घडू शकते. टर्कीची दाट पिसे रक्त शोषून घेतात. हरणासारखा रक्ताचा माग जमिनीवर क्वचितच सापडतो. पक्षी ज्या दिशेला पळाला किंवा उडाला ती डोळ्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवावी लागते. अरुंद, फांद्यांआडच्या संधी सोडून देण्याची तयारी नसेल त्याने धनुष्य घेऊन टर्कीच्या मागे जाऊ नये.

इतिहास : उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत धनुष्य इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात रुळले. त्याआधीही तिथले मूळ रहिवासी टर्की खात होते आणि तिच्या हाडांची अवजारे करत होते. आग्नेयेकडे तिच्या पिसांचे झगे विणले जात. जॉन स्मिथ याने १६१२ च्या व्हर्जिनियावरील वर्णनात तिथल्या बाणांना टर्कीच्या पायाचा काटा फळ म्हणून लावत असल्याची नोंद केली आहे. पिसेही टर्कीचीच बांधली जात. म्हणजे बाणाच्या दोन्ही टोकांना तोच पक्षी. हा धागा आजही तुटलेला नाही : बाजारात मिळणारी बाणाची नैसर्गिक पिसे मुख्यतः पाळीव टर्कीच्या पंखांची असतात. डाव्या पंखाची पिसे एका बाजूला वळलेली, उजव्याची दुसऱ्या, त्यामुळे एका बाणावर दोन्ही मिसळत नाहीत. स्वतः मारलेल्या रानटर्कीची पट्टेदार पिसे पुढच्या बाणांना लावण्याची हौस पारंपरिक धनुर्धाऱ्यांत मोठी आहे. टर्की स्थलांतरी पक्ष्यांच्या संरक्षण कायद्याखाली येत नसल्याने त्याला कायद्याची आडकाठीही नाही.

आधुनिक अमेरिकेत धनुष्याने शिकारीची आवड पुन्हा रुजली ती थोड्या माणसांमुळे. १८७० च्या दशकात मॉरिस आणि विल थॉम्पसन या भावांच्या लेखनाने तिला सुरुवात झाली. ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकी जमातीचा इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ प्रकट झाला; त्याच्याकडून शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांनी धनुष्य घडवणे आणि शिकारीतला संयम शिकून घेतला. इशी १९१६ मध्ये वारला. पोप आणि त्यांचे साथी आर्थर यंग यांनी ती विद्या पुढे नेली. १९६९ मध्ये मिसूरीच्या होलेस विल्बर ॲलन यांना कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले आणि काही वर्षांतच बहुतेक शिकारी तिकडे वळले. मागे राहिलेल्या साध्या धनुष्याला ‘पारंपरिक’ म्हणण्याची गरज तेव्हापासून पडली.

पक्ष्याचे पुनरागमन : जंगलतोड आणि बाजारासाठी झालेली बेसुमार शिकार यांनी १९३० च्या दशकापर्यंत रानटर्की अनेक राज्यांतून नाहीशी झाली होती. पाळून सोडलेले पक्षी रानात तगले नाहीत. १९५० च्या दशकात तोफेसारख्या नळ्यांतून जाळे उडवून जंगली थवे पकडण्याची पद्धत आली आणि ते पक्षी रिकाम्या जंगलांत नेऊन सोडता आले. यासाठी लागलेल्या पैशाचा मोठा भाग शिकाऱ्यांकडूनच आला : १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, आणि १९७० च्या दशकात धनुष्यबाणही त्या करात आले. १९७३ मध्ये नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन झाले. आज अलास्का वगळता सर्व राज्यांत रानटर्की आहे आणि संख्या लाखांत मोजली जाते, जरी आग्नेयेकडील काही राज्यांत ती गेल्या काही वर्षांत घटली आहे.

नियम आणि सुरक्षितता : नियम राज्यागणिक वेगळे. परवाना, पक्ष्यांच्या संख्येची मर्यादा, फळाची किमान रुंदी, धनुष्याचा किमान ताण आणि वेळ ठरलेली असते. काही राज्यांत वसंतातली शिकार दुपारीच थांबवावी लागते. वसंतात सहसा छातीवर झुपका असलेला किंवा नर पक्षीच मारता येतो. लाल, पांढरे, निळे कपडे घालू नयेत, कारण हेच रंग नराच्या डोक्याचे आहेत आणि झुडपांत ते दिसल्यास दुसरा शिकारी बार काढू शकतो. ऐकू आलेल्या सादेच्या दिशेने दबकत जाणेही धोक्याचे : ती साद माणसाने काढलेली असू शकते.

भारताशी संबंध : टर्की भारतातला पक्षी नाही. तो इथे पोर्तुगीजांमार्फत आला. जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान याने १६१२ मध्ये गोव्याहून काही अपूर्व प्राणी-पक्षी आणले, त्यांत टर्कीचा नर होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याच्या डोक्या-मानेचे बदलते रंग बारकाईने टिपले आहेत आणि दरबारी चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी असून टर्की फक्त पाळली जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ही शिकार करायची असेल तर बहुतेक राज्यांत आधी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि काही ठिकाणी धनुष्यासाठी वेगळा.