केंद्रीय शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी का थांबते? नूतनीकरणाच्या अटी आणि नेमके कुठे अडते

बारावीच्या गुणांवर एकदा मंजूर झालेली शिष्यवृत्ती पदवी पूर्ण होईपर्यंत आपोआप चालू राहते, असा पुष्कळ घरांत समज असतो आणि दुसऱ्या वर्षाची रक्कम खात्यात आली नाही की मगच चौकशी सुरू होते. तोपर्यंत त्या वर्षाच्या नूतनीकरणाची मुदत बहुधा उलटून गेलेली असते. हा लेख केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या, महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या ‘सेंट्रल सेक्टर’ शिष्यवृत्तीविषयी आहे. आता ही योजना ‘पीएम-यूएसपी’ या नावाखाली चालते आणि तिचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, भरले जातात.

नव्या अर्जाची पात्रता थोडक्यात अशी आहे: बारावीला आपल्या मंडळात आपल्या शाखेतील उत्तीर्ण विद्यार्थ्यांमध्ये ८० पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत) स्थान, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत आणि मान्यताप्राप्त संस्थेत नियमित पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश. पदविका आणि दूरशिक्षणाचे विद्यार्थी यात बसत नाहीत. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दरसाल १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी दरसाल २०,००० रुपये मिळतात. अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षालाही २०,००० रुपये आहेत.

ही रक्कम पुढे चालू राहण्यासाठी दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी आधीच्या वर्षाच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण व वर्गात किमान ७५ टक्के उपस्थिती असावी लागते. रॅगिंग किंवा बेशिस्तीची तक्रार असल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. अटी एवढ्याच आहेत, परंतु पहिल्या दोन अटींवर जितके अर्ज अडकतात, तितके बाकी सगळ्या कारणांनी मिळून अडकत नसावेत, असे दरवर्षी विद्यार्थ्यांचे अर्ज पाहताना वाटते.

गुणांच्या अटीतली पहिली गफलत ‘पास’ या शब्दाशी निगडित आहे. अनेक विद्यापीठांत ४० टक्क्यांना विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि एटीकेटी लागली तरी पुढच्या वर्गात प्रवेश मिळतो. त्यामुळे वर्ष वाया गेले नाही म्हणजे शिष्यवृत्तीही टिकली, असे मुले धरून चालतात. नियम मात्र पुढच्या वर्गात जाण्याविषयी बोलत नाही, ५० टक्के गुणांविषयी बोलतो. शिवाय एखाद्या विषयात नापास झाल्यास अनेक विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर त्या सत्राचा एसजीपीए, म्हणजे सरासरी ग्रेड पॉइंट, छापलाच जात नाही, त्या जागी नुसती रेघ असते, आणि मग पोर्टलवर टक्केवारीच्या रकान्यात काय भरायचे हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी मनाने आकडा भरू नये. महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडून दोन्ही सत्रांचे मिळालेले गुण आणि एकूण गुण लिहून घ्यावेत व तोच आकडा भरावा, कारण पडताळणीत अर्जातला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला नाही तर पात्र विद्यार्थ्याचाही अर्ज परत येतो.

दुसरी अडचण ग्रेडचे टक्क्यांत रूपांतर करण्याची आहे, आणि कागदपत्रांतली सर्वांत मोठी गैरसोय हीच आहे. एका विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेवर ५.६ असा ग्रेड पॉइंट होता. तिने इंटरनेटवर सापडलेल्या सूत्राप्रमाणे त्याला ९.५ ने गुणले आणि ५३.२ टक्के भरले. हे सूत्र सीबीएसईच्या दहावीसाठी प्रचलित झालेले होते; तिच्या पदवी परीक्षेशी त्याचा काही संबंध नव्हता. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या कोष्टकात ६.२५ ग्रेड पॉइंटला ५५ टक्के आणि ६.७५ ला ६० टक्के धरले आहेत. त्या हिशेबाने ५.६ चे ४८.५ टक्के होतात. म्हणजे एकच गुणपत्रिका एका सूत्राने अटीत बसते आणि दुसऱ्या सूत्राने बसत नाही. कोणते सूत्र लागू, हे आपले विद्यापीठ ठरवते, म्हणून विद्यापीठाचे रूपांतराचे परिपत्रक किंवा महाविद्यालयाच्या लेटरहेडवरचे रूपांतर प्रमाणपत्र निकाल लागल्याबरोबर मागून घ्यावे. हे प्रमाणपत्र कोणी आपणहून देत नाही, आणि ज्या कागदावाचून विद्यार्थ्याचे वर्षाचे पैसे अडतात तो गुणपत्रिकेच्या मागेच छापून देणे विद्यापीठांना जमू नये, याचे वाईट वाटते.

उपस्थितीचेही तसेच आहे. बोनाफाइड दाखला सगळ्यांकडे असतो, परंतु त्यावर उपस्थितीची टक्केवारी नसते. उपस्थिती विषयवार आणि सत्रवार नोंदली जाते, वर्षाचा एकत्रित आकडा कोणी काढून ठेवत नाही, आणि नूतनीकरणाच्या वेळी वर्गशिक्षक बदललेले असतात. दुसरे असे की आजारपणामुळे उपस्थिती कमी पडली तर महाविद्यालय परीक्षेला बसण्यापुरती ती तूट माफ करते. ही माफी शिष्यवृत्तीच्या अटीलाही लागू आहे, असे गृहीत धरू नये. दीर्घ आजारपण असेल तर वैद्यकीय कागदपत्रे त्याच महिन्यात विभागाकडे देऊन त्याची पोच घ्यावी आणि दोन्ही सत्रांच्या शेवटी आपल्या उपस्थितीचा सही-शिक्क्याचा तक्ता घेऊन ठेवावा. मुलांनो, हे काम परीक्षा संपताच करा, पोर्टल उघडण्याची वाट पाहू नका.

मुदतीच्या बाबतीत पोर्टलवर एकाच योजनेपुढे वेगवेगळ्या तारखा दिसतात. पहिली तारीख विद्यार्थ्याने अर्ज सादर करण्याची असते, त्यापुढची महाविद्यालयाने पडताळणी करण्याची आणि शेवटची वरच्या स्तरावरील पडताळणीची. पडताळणीची तारीख आपली समजून थांबलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात. अर्ज ‘सेव्ह’ करून ठेवणे म्हणजे सादर करणे नव्हे. अंतिम सबमिशन झाल्याशिवाय तो महाविद्यालयाला दिसतच नाही. सादर केल्यानंतरही दर आठवड्याला स्थिती पाहावी, कारण अर्जात त्रुटी आढळल्यास तो ‘डिफेक्ट’ म्हणून विद्यार्थ्याकडे परत पाठवला जातो आणि दिलेल्या मुदतीत दुरुस्त केला नाही तर तिथेच संपतो. महाविद्यालयाचे नोडल अधिकारी, म्हणजे तिथे या अर्जांची पडताळणी करणारे, बदलले असतील आणि नव्या अधिकाऱ्यांची आधार पडताळणी पोर्टलवर झालेली नसेल, तर संपूर्ण महाविद्यालयाचे अर्ज पडून राहतात. यात विद्यार्थ्याचा काडीचाही दोष नसतो, तरी नुकसान त्याचेच होते. म्हणून अर्ज भरल्यावर नोडल अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून अर्ज त्यांच्याकडे दिसतो आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

निकाल किंवा पुनर्मूल्यांकन लांबले असेल तर मुदत आपल्यासाठी थांबेल, असे समजू नये. ऑनलाइन निकालाची प्रत प्राचार्यांकडून साक्षांकित करून ती चालेल का, हे नोडल अधिकाऱ्यांना आधीच विचारावे.

नूतनीकरणाऐवजी नवा अर्ज भरण्याची चूकही वारंवार होते, विशेषतः महाविद्यालय बदललेल्यांकडून. या योजनेत नवा अर्ज बारावीनंतर पदवीच्या पहिल्या वर्षीच करता येतो. संस्था बदलली तरी शिष्यवृत्ती चालू राहू शकते, फक्त नव्या संस्थेकडे वैध एआयएसएचई कोड (उच्च शिक्षणाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातला संस्थेचा क्रमांक) असावा आणि ती पोर्टलवर नोंदलेली असावी. प्रवेश घेण्यापूर्वीच हे पाहिलेले बरे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती किंवा राज्याची शुल्कमाफी, शुल्क प्रतिपूर्ती घेता येत नाही. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेचा लाभ आणि एनएसपीवर ही शिष्यवृत्ती, असे दोन्ही अर्ज ‘जे मिळेल ते’ म्हणून भरू नयेत. शुल्क मोठे असलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला बहुधा राज्याची योजनाच अधिक लाभाची ठरते, विशेषतः मुलींना, कारण २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी प्रवर्गांतील मुलींना तिथे शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. त्या योजनेची प्रगतीची अट वेगळी आहे: आधीच्या सत्रात ५० टक्के उपस्थिती हवी आणि अभ्यासक्रमात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नको. एका योजनेची अट दुसरीला लावून स्वतःला पात्र किंवा अपात्र ठरवू नये.

राहिले बँक खाते. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते, आणि त्यासाठी खात्याला आधार क्रमांक नुसता नोंदलेला असून भागत नाही, एनपीसीआय या बँकांमधील देयकांचे काम पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीत ते खाते जोडलेले असावे लागते. मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडताना तिथे आधार सीडिंगला संमती दिली असेल तर पैसे त्या नव्या खात्यात जातात, म्हणून रक्कम मंजूर झालेली दिसते पण खात्यात नाही, अशा वेळी आधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती तपासावी आणि त्यात दिसणाऱ्या बँकेचे पासबुक भरून आणावे.