दहा लाख पन्नास हजार चोवीस डॉलरची पिचर

जुलै 2024मध्ये बेसबॉलच्या जातकुळीतल्या सॉफ्टबॉल या खेळातली पिचर (म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी) निजेरी कॅनडी स्टॅनफर्ड विद्यापीठ सोडून टेक्सास टेक विद्यापीठात गेली आणि एका वर्षासाठी 10,50,024 डॉलरचा करार झाल्याच्या बातम्या आल्या. आकड्याची फोड मजेशीर होती: दहा लाख मानधन, पन्नास हजार राहण्याखाण्यासाठी आणि वरचे 24 तिच्या जर्सीचा नंबर म्हणून. पैसे दिले टेक्सास टेकच्या पाठीराख्या देणगीदारांच्या ‘मॅटाडोर क्लब’ने. कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये असा आकडा त्याआधी कुणी ऐकला नव्हता. त्यातही ज्या विद्यापीठाने ती निवडली, त्याचा संघ कॉलेज वर्ल्ड सिरीजला, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेला, एकदाही पोचलेला नव्हता.

एका खेळाडूवर इतका पैसा का, याचं उत्तर खेळाच्या रचनेतच आहे. क्रिकेटमध्ये कितीही मोठा बोलर असला तरी ओव्हर संपली की चेंडू दुसऱ्याच्या हातात जातो. सॉफ्टबॉलची पिचर सामन्यातल्या सातही इनिंग (डाव) एकटी टाकू शकते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहू शकते. कॉलेजच्या मैदानात ती बॅटरपासून 43 फुटांवर असते. आपली क्रिकेटची खेळपट्टी 66 फुटांची. एवढ्याशा अंतरातून, हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवून खालून सोडलेला ताशी 70 मैलांचा चेंडू. बॅट फिरवायची की नाही हे ठरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही. ‘सॉफ्ट’ हे नाव तर निव्वळ फसवं आहे.

ते नाव पडलं 1926मध्ये. खेळ त्याहून जुना: 1887 सालच्या थँक्सगिव्हिंगला शिकागोच्या एका बोट क्लबात बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट, तिथून तो सुरू झाला. पुढे कारखान्यांचे संघ झाले. कनेटिकट राज्यातल्या स्ट्रॅटफर्डमध्ये ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीचा महिलांचा ‘ब्रेकेट्स’ संघ होता, आणि त्यात जोन जॉइस.

कॅनडीची खरी पूर्वज शोधायची तर ती हीच. 1961च्या ऑगस्टमध्ये वॉटरबरीच्या मैदानात बेसबॉलचा महान फलंदाज टेड विल्यम्स तिच्यासमोर प्रदर्शनी सामन्यात उभा राहिला. निवृत्त होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. एकदोन चेंडूंना त्याची बॅट जेमतेम लागली, बाकी सगळे हुकले, शेवटी बॅट टाकून तो निघून गेला. जॉइसच्या नावावर 753 विजय आणि 42 पराभव आहेत. 1976मध्ये टेनिसपटू बिली जीन किंगच्या साथीने तिने महिलांची व्यावसायिक लीग उभी केली. ती चार हंगामांत आटोपली. मग जॉइस गोल्फकडे वळली आणि तिथेही एका फेरीत फक्त 17 ‘पट’ (चेंडू भोकाकडे ढकलायचे हलके फटके) मारून विक्रम करून बसली! काहींच्या हातातच काहीतरी असतं. पण सॉफ्टबॉलवर पोट भरेना, हेही त्यात आलंच.

खेळाला आधार मिळाला तो कॉलेजांचा, आणि त्यामागे 23 जून 1972चा ‘टायटल नाइन’ कायदा. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करायचा नाही, एवढंच त्यात म्हटलंय. खेळाचं नावसुद्धा नाही. पण मुलांना बेसबॉल, तर मुलींना काय, हा प्रश्न विद्यापीठांना टाळता येईना. शिष्यवृत्त्या आल्या, पगारी प्रशिक्षक आले. 1982मध्ये एनसीएए या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने महिलांची वर्ल्ड सिरीज आपल्याकडे घेतली. पहिल्याच अंतिम सामन्यात यूसीएलएने फ्रेझ्नो स्टेटला 2-0 हरवलं, तेही जादा इनिंगमध्ये. पिचर इतक्या भारी पडत होत्या की धावच होईना. म्हणून 1980चं दशक सरता सरता पिचरला तीन फूट मागे ढकलण्यात आलं, 40वरून 43वर.

पिचर तरीही पुरून उरल्या. ॲरिझोनाच्या जेनी फिंचने 2001चा हंगाम 32-0 असा संपवला आणि एकूण सलग 60 सामने जिंकले. टेक्सस विद्यापीठाच्या कॅट ऑस्टरमनने चार हंगामांत 2,265 बॅटर स्ट्राइकआउट केल्या, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केल्या. टेनेसीची डावखुरी मोनिका ॲबट त्याही पुढे गेली: 2,440 स्ट्राइकआउट, 189 विजय. आणि 2007च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ॲबटला अखेर हरवलं ते ॲरिझोनाच्या टॅरिन मोवॅटने, त्या एका स्पर्धेत 1,035 चेंडू टाकून. एकीच्या दंडावर अख्खं विद्यापीठ, हे तेव्हाच लख्ख दिसत होतं. फक्त त्याचा दाम मुलींना मिळत नव्हता.

पदवीनंतर तर आणखी पंचाईत. 2008नंतर ऑलिंपिकने सॉफ्टबॉल वगळला. तो टोकियोत एकदाच परतला. ॲबट जपानमध्ये टोयोटाच्या संघात खेळली. 2016मध्ये टेक्ससमधल्या एका व्यावसायिक संघाने तिच्याशी दहा लाख डॉलरचा करार केला तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पण ते दहा लाख सहा वर्षांचे होते. लीगमध्ये अख्ख्या संघाच्या पगारावर दीड लाखाची मर्यादा, म्हणून मूळ पगार वर्षाला 20 हजार आणि बाकी सगळं प्रेक्षकांच्या गर्दीवर बेतलेला बोनस. तेव्हाच्या जगातल्या सर्वात वेगवान पिचरची ही कथा. ती लीगही पुढे बंद पडली.

जुलै 2021पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. विद्यापीठ बदललं तर एक वर्ष बाहेर बसायची अटही त्याच सुमारास सैल झाली. हे दोन बदल एकत्र आले नसते तर कॅनडीचा करार झाला नसता.

कॅनडी कॅन्सस राज्यातल्या टोपीकाची. स्टॅनफर्डमध्ये पहिल्याच वर्षी, 2023मध्ये, दर सात इनिंगमागे तिच्यावर सरासरी 0.57 धावा निघाल्या. 2024मध्ये 337 स्ट्राइकआउट आणि देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान. दोन्ही वर्षी संघ वर्ल्ड सिरीजला ओक्लाहोमा सिटीत पोचला. तिला बॅटिंगही करायची होती, ती संधी टेक्सास टेकने दिली. पैशाच्या गदारोळात हे कारण मागे पडलं, माझ्या मते अन्यायाने.

2025मध्ये तिने नव्या संघाला थेट अंतिम फेरीत नेलं. वाटेत सलग चार वर्षं विजेत्या राहिलेल्या ओक्लाहोमा विद्यापीठाला हरवून बाहेर काढलं. अंतिम फेरी तीन सामन्यांची; 4 जूनला टेक्सस विद्यापीठाविरुद्ध (हे टेक्सास टेकहून वेगळं) पहिला सामना. टेक्सास टेक 1-0 पुढे, सहावी इनिंग, टेक्ससच्या दोन खेळाडू बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर. समोर बॅटिंगला रीस ॲटवुड. तिला मुद्दाम चालत पहिल्या बेसवर जाऊ द्यायचं ठरलं. अशा वेळी चेंडू बॅटच्या टप्प्याबाहेर टाकायचा असतो. एक चेंडू तेवढा लांब पडला नाही. ॲटवुडने हात लांबवून तो डावीकडे मारला, दोन धावा, सामना 2-1 ने गेला. दुसरा टेकने 4-3 असा जिंकला.

तिसरा होता 6 जूनला. वर्ल्ड सिरीजमधला तोवरचा प्रत्येक चेंडू कॅनडीनेच टाकला होता. हात थकलेला दिसत होता. पहिल्याच इनिंगमध्ये पाच धावा निघाल्या आणि ती परत पिचिंगला आली नाही; टेक्सस 10-4 ने जिंकलं. त्याच दिवशी कॅलिफोर्नियातल्या एका संघीय न्यायाधीशांनी एनसीएए आणि खेळाडूंमधल्या खटल्यातल्या तडजोडीला अंतिम मंजुरी दिली: 1 जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना स्वतःच्या तिजोरीतून पैसे देऊ शकणार होती.